तिसऱ्या कुलपाची किल्ली

एकदा एक कुलूप होतं. गोष्टीच्या आरंभी राजा किंवा ऋषी असावा, निदान व्यापारी तरी असावा, अशी आपली अपेक्षा असते हे मला ठाऊक आहे. पण या गोष्टीत कुलूप मोठं आहे आणि माणसं त्याच्या मानानं लहान, तेव्हा मान त्याला आधी.

हे कुलूप नगरकडच्या एका गावातल्या ख्रिस्ती मंदिराला होतं. काळा दगड, उतरती कौलं, दारावर घंटा. किल्ली असायची राहेलबाई नावाच्या म्हातारीच्या कमरेला. मंदिराच्या मागं तीस पावलांवर तिची खोली. सकाळी दार उघडायचं, झाडून काढायचं, घंटेचा दोर ओढायचा आणि प्रभुभोजनाच्या रविवारी भाकर भाजून आणायची, हे तिनं चाळीस वर्षं केलं. गाव तिला राहीआजी म्हणे.

प्रभुभोजन म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मंडळी जमते, पाळक भाकर मोडतो, द्राक्षरसाचा प्याला फिरतो, आणि प्रभूच्या मरणाची आठवण म्हणून सगळे त्यातलं थोडं थोडं घेतात. ज्याच्या शेजारी बसून घेतलं तो त्यानंतर परका राहत नाही, असा त्यातला भावार्थ. अर्थ इतका सोपा आहे, की तो लक्षात ठेवायची तसदी कोणी घेत नाही.

तर एका हिवाळ्यात गावभर खोकला पसरला. चांदीचा मोठा प्याला रांगेतून फिरत असताना सालोमनराव भिंगारदिव्यांनी आपल्या अलीकडच्या माणसाच्या मिशा पाहिल्या आणि त्यांना आरोग्य आठवलं. पुढच्याच आठवड्यात त्यांनी तालुक्याहून चार डझन छोट्या काचेच्या प्याल्या आणल्या, तबकासकट. तबकावर त्यांच्या मातोश्रींचं नाव कोरलेलं होतं. शांतवनराव मकासरे यांना हे मुळीच रुचलं नाही, कारण चांदीच्या प्याल्याच्या बुडाशी त्यांच्या आजोबांचं नाव होतं. प्याला कपाटात गेला म्हणजे आजोबाही कपाटात गेले. मग दोघांनी शास्त्रातले आधार काढले. आजोबांचा आणि मातोश्रींचा विषय मात्र कोणी काढला नाही. धर्माच्या भांडणात खरं कारण उच्चारणं असभ्य समजतात.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल, कारण तुमच्याही आळीत झालेलं आहे. सभा झाली, सभेत एक छत्री मोडली, पंचांची निवडणूक झाली, दोन्ही पक्ष निवडून आले, दावा कोर्टात गेला. एका सोमवारी राहीआजीच्या कमरेची किल्ली काढून घेतली गेली आणि जुनं कुलूप दारावरून उतरलं. शांतवनरावांनी दाराच्या वरच्या कडीला आपलं कुलूप घातलं. ऊन उतरायच्या आत सालोमनरावांनी खालच्या कडीला आपलं घातलं. एका प्याल्यातून प्यावं की अनेक, या प्रश्नावर त्यानंतर अडीच वर्षं कोणीच काही प्यालं नाही. प्याले आत होते आणि पक्ष बाहेर.

रविवारी एक पक्ष आवारातल्या पूर्वेच्या लिंबाखाली बसे, दुसरा पश्चिमेच्या. दोन्हीकडे कर्णे. इकडून क्षमेवर उपदेश सुरू झाला, की तिकडून प्रेमावर, आणि दोन्हींचा आवाज वाढत वाढत घंटेपर्यंत पोचे. मध्ये एक कुत्रं बसे. दोन्हीकडचे उपदेश ऐकूनही ज्याचं वागणं बिघडलं नाही, असं ते एकटंच.

या गावात एक म्हातारे मास्तर होते. मिशनच्या शाळेत त्यांनी तीन पिढ्यांना बाराखडी आणि गीतं शिकवली होती. रविवारी ते कोणत्याच लिंबाखाली बसत नसत. पिशवीत चार केळी घालून कोणी आजारी असेल त्याच्या घरी जात. दोन्ही पक्षांना याचा संशय येई.

"मास्तर, एकदा सांगून टाका. तुम्ही कोणाकडचे?"

"मी कुत्र्याकडचा," मास्तर म्हणत.

आता शिष्य. मास्तरांच्याच हाताखाली शिकलेला एक तरुण त्या वर्षी पाळक होऊन गावात आला. वरच्या कचेरीनं त्याला पत्र दिलं होतं, 'दोन्ही पक्षांना सांभाळून घ्यावे.' त्यानं ते इतकं मनावर घेतलं, की एका घरी चहा घेतला तर लगेच दुसऱ्या घरीही घ्यायचा. आठ महिन्यांत त्याला पित्ताचा विकार जडला. मंडळी तशीच राहिली.

पावसाळा सरता सरता राहीआजीनं अंथरूण धरलं. मंदिराला कुलपं लागल्यापासून ती फक्त बाहेरच्या पायऱ्या झाडायची. ते थांबलं तेव्हा लोकांच्या लक्षात आलं, की पायऱ्या कोणीतरी झाडत होतं. एका गुरुवारी सकाळी नर्सबाईंनी नाडी पाहून मान हलवली. तरुण पाळक धावत आला. मास्तर उशाशी बसलेच होते.

राहीआजीनं डोळे उघडले. "पाळकसाहेब, मला प्रभुभोजन पायजे. समद्यांसंगं. लई दिस झाले."

"देतो आजी. आत्ता प्याला काढून आणतो."

"प्याला?" मास्तर म्हणाले.

"म्हणजे काय मास्तर, प्याल्याशिवाय कसं?"

मास्तरांनी बोलायला तोंड उघडलं, पण शिष्य एका पायात चप्पल घालून दाराबाहेर पडला होता.

शांतवनराव केसांना कलप लावून ओट्यावर बसले होते. नाव शांतवन, पण त्यांनी कोणाचं शांतवन केल्याचं गावाच्या स्मरणात नाही. पाळकाचं बोलणं ऐकून त्यांच्या डोळ्यांत मात्र खरोखर पाणी आलं.

"राहीआजी म्हणजे आमची आईच हो. लहानपणी मला न्हाऊ घातलंय तिनं. कुलूप आत्ता काढतो. फक्त खालचं आधी निघू द्या."

"तुम्ही आधी काढलं तर?"

"वकील म्हणतात, जो आधी काढील त्यानं ताबा सोडला. मी माझ्यासाठी नाही म्हणत. मंडळीसाठी म्हणतो."

सालोमनराव हात धूत होते. ते बहुधा हात धूतच असत.

"मी माणुसकीला कधी आडवा आलोय, पाळकसाहेब? काढतो कुलूप. पण आधी लिहून द्या, कोणत्या प्याल्यातून देणार."

"सालोमनराव, ती मरतेय."

"म्हणून तर म्हणतो. अशा माणसाच्या अंगात ताकद नसते. मोठ्या प्याल्याचा संसर्ग झाला म्हणजे?"

शिष्य पुन्हा शांतवनरावांकडे गेला. लहान प्याल्याचं लिहून देणार असाल तर मोठ्याचंही द्या, असं ते म्हणाले. तो पुन्हा सालोमनरावांकडे आला. असे तीन फेरे झाले. दोन्ही घरी चहा झाला. आणि बारा वाजता, तुम्हाला खरं वाटणार नाही, समेट झाला. आजीला एक घोट मोठ्या प्याल्यातला द्यायचा, एक छोट्यातला. दोन्ही कुलपं एकाच क्षणी काढायची. कोर्टात अडचण नको म्हणून दोन्हीकडचे साक्षीदार हजर ठेवायचे. अडीच वर्षांत जे वरच्या कचेरीला जमलं नाही ते आपण तीन फेऱ्यांत केलं, म्हणून शिष्याला मनातून थोडा आनंदच झाला. त्याला नावं ठेवू नका. आपल्यालाही झाला असता.

दोन वाजता पायऱ्यांवर चाळीस माणसं जमली. दोन्ही पक्षांचे सचिव वह्या घेऊन उभे राहिले, दोघा तरुणांनी मोबाइलवर चित्रण सुरू केलं. पाळकानं एक, दोन, तीन म्हटलं. सालोमनरावांचं कुलूप उघडलं. शांतवनरावांच्या कुलपात किल्ली शिरली आणि फिरेना. तीन पावसाळ्यांचा गंज होता तो.

"यात मीठ घातलंय कोणीतरी," शांतवनराव म्हणाले.

"मीठ कशाला घालू? तुमच्या कुलपाचं मला काय लोणचं करायचंय?"

मग तेल आणायचं ठरलं. सालोमनरावांच्या शेजारघरात शिलाईयंत्राचं तेल होतं, पण त्या घरचं तेल आपल्या कुलपात नको, असं शांतवनरावांचं म्हणणं पडलं. त्यांच्या घरून खोबरेल आलं. ते घालताना दुसऱ्या सचिवानं वेळ लिहून घेतली.

एवढ्यात मंदिराच्या कोपऱ्यावर मास्तर येऊन उभे राहिले.

"अरे, या," ते म्हणाले. "नुसते या."

"आलोच मास्तर," शिष्य म्हणाला. "कुलूप निघतंय."

"कुलूप राहू दे. तुम्ही या."

"मास्तरांना म्हातारपणी घाई फार," मागून कोणीतरी म्हणालं, आणि दोन्ही पक्ष हसले. एकत्र हसण्याची ती अडीच वर्षांतली पहिलीच वेळ. शाळेत हजेरी घ्यायचे तसं एक बोट हलवत मास्तरांनी सगळी माणसं मोजली आणि ते मागं निघून गेले.

साडेतीनला कुलूप निघालं. आत वटवाघळांची घाण होती. चांदीचा प्याला काळा पडला होता. काचेच्या प्याल्यांच्या तबकात पालीनं अंडी घातली होती. दोन्ही भांडी एकाच वेळी घासायला घेतली, कारण आधी कोणतं हा प्रश्न पुन्हा निघणार होता. मग एका हातात प्याला, दुसऱ्या हातात तबक असा शिष्य धावला. मागं चाळीस माणसं. तीस पावलं.

खोलीत मास्तर राहीआजीच्या हनुवटीखालून पट्टी बांधत होते. तिचे डोळे मिटवून झाले होते. उशाशी स्टुलावर एका ताटलीत भाकरी होती, सकाळीच भाजलेली, अखंड. शेजारी पाण्याचा स्टीलचा पेला. तोही भरलेलाच.

"मास्तर, आणलं," शिष्य म्हणाला.

"बघतोय."

"मला थोडं आधी कळतं तर..."

"कळवलं होतं," मास्तर म्हणाले आणि त्यांनी पट्टीची गाठ मारली.

शुक्रवारी माती झाली. मंदिर उघडलेलंच होतं, त्यामुळे पेटी आत ठेवता आली. डावीकडे एक पक्ष बसून रडला, उजवीकडे दुसरा. रडण्यात काही खोटं नव्हतं. माणसाला उशिरा रडायला कोणी शिकवावं लागत नाही. राहीआजीच्या स्मरणार्थ भिंतीत संगमरवरी पाटी बसवावी, यावर दोन्हीकडचं एकमत झालं. पाटी कोणी द्यायची यावर कबरस्तानाच्या वाटेवरच कुजबुज सुरू झाली. पेटी खाली उतरली आणि एकेकानं मूठ मूठ माती टाकली. सगळ्यांत शेवटी मास्तर पुढं आले. त्यांच्या मुठीतून पडलं त्याचा आवाज मातीसारखा नव्हता. पेटीच्या फळीवर लोखंड वाजावं तसं खणकन काहीतरी वाजलं. शिष्य शेजारीच होता, त्यानं चमकून पाहिलं. मास्तर हात झाडत होते.

रविवारी दोन्ही पक्ष नवे कपडे घालून मंदिराकडे आले. अडीच वर्षांनी आत उपासना व्हायची होती. पाहतात तो दाराला कुलूप. नवं, हलकं, आठवड्याच्या बाजारात मिळतं तसलं. शांतवनरावांनी सालोमनरावांकडे पाहिलं, सालोमनरावांनी शांतवनरावांकडे, आणि दोघांनी एकदमच तोंड उघडलं.

"माझं आहे," पायरीवर बसलेले मास्तर म्हणाले.

"किल्ली द्या."

"माझ्याकडे नाही. राहीकडे दिली. चाळीस वर्षं तिच्याकडेच असायची."

लोकांना समजायला थोडा वेळ लागला. शिष्याला लागला नाही. त्याच्या कानात ते खणकन वाजणं अजून होतं.

"मास्तर, चेष्टेलाही एक वय असतं," शांतवनराव म्हणाले.

"असतं ना. ब्याऐंशी." मास्तर गुडघ्यावर हात टेकून उठले. "आता ऐका. वर्गात कधी ऐकलं नाही, इथं ऐका. गुरुवारी मी राहीला म्हटलं, तुला हवंय ते मी देतो. मी काही पाळक नाही, पण भाकर माझ्यानंही मोडते. तर ती म्हणाली, 'मास्तर, भाकर हाय, पाणी हाय. मंडळी कुठंय?' मी तिला काय सांगू? बाहेर येऊन पाहिलं. मंडळी तीस पावलांवर होती. मी मोजली, चाळीस भरली. तिनं प्याला मागितला नव्हता रे. तिनं तुम्हाला मागितलं होतं. सगळ्यांबरोबर, एवढंच ती म्हणाली होती, आणि हा माझा हुशार विद्यार्थी तेवढाच शब्द सोडून बाकीचे घेऊन पळाला."

शिष्यानं मान खाली घातली.

"या दगडाला मी दोष देत नाही," मास्तर भिंतीवर हात ठेवून म्हणाले. "दगडाला पाय नसतात, त्याला तिच्याकडे जाता आलं नाही. तुम्हाला पाय होते. अडीच वर्षं तुम्ही सांगत होता, दार बंद आहे म्हणून मंडळी अडली आहे. मग दार उघडायला आलात, त्याच दिवशी सगळ्यांत जास्त अडलात. म्हणून लावलं कुलूप. एखाद्या आजाऱ्याच्या दाराशी, कोणी प्याला आणला न बघता, तुम्ही चाळीस जण जाऊन बसाल, त्या दिवशी दगडानं हे तोडा. हलकं आहे. दोन घावांत तुटेल."

एवढं बोलून त्यांनी केळ्यांची पिशवी उचलली आणि ते एका आजाऱ्याच्या घराकडे चालू लागले.

असल्या गोष्टीत या ठिकाणी सगळ्यांचे डोळे उघडतात. माझ्या गोष्टीत तसं घडलं असतं तर मलाही बरं वाटलं असतं. झालं ते असं, की शांतवनराव आणि सालोमनराव एका लिंबाखाली बसले, अडीच वर्षांत प्रथमच, आणि त्यांनी एक अर्ज लिहिला. मंडळीच्या मालमत्तेवर अनधिकृत ताबा, धार्मिक भावना दुखावणे, वगैरे. खाली दोघांच्या सह्या एकाच कागदावर, शेजारी शेजारी. मंडळीची एकी झाली ती अशी. तिसरी सही पाळकाची हवी, म्हणजे अर्जाला वजन येईल, असं ठरलं. सही नाही केली तर तोच अर्ज वरच्या कचेरीकडेही जाईल, हे न सांगता सगळ्यांना समजलं.

कागद घेऊन दोघे पाळकाला शोधत राहीआजीच्या खोलीच्या दाराशी आले. पाळक आत तिच्या रिकाम्या खाटेशी जमिनीवर बसला होता. समोर ताटलीत भाकरी, शेजारी तोच स्टीलचा पेला, त्यात पाण्यात कुस्करलेली द्राक्षं. भोवती सात माणसं होती. नर्सबाई होत्या, दोन्ही लिंबांखालच्या दोन दोन बाया होत्या, आणि मोबाइलवर चित्रण करणारे ते दोघे तरुण होते. त्यांचे मोबाइल खिशात होते.

"सही हवी होती, पाळकसाहेब."

"बसा," शिष्य म्हणाला. "भाकर मोडतोय."

शांतवनरावांनी पेल्याकडे पाहिलं. सालोमनरावांनीही पाहिलं. आणि दोघांची हरकत, आयुष्यात पहिल्यांदाच, एक निघाली.

"हा प्याला मंडळीचा नाही."

"नाही," शिष्य म्हणाला. "राहीआजीचा आहे."

दोघे क्षणभर उंबऱ्यापाशी घुटमळले. शांतवनरावांचा एक पाय आत आला होता, असं नर्सबाई सांगतात. मग सालोमनरावांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि तो पाय परत गेला. कागद सहीवाचूनच गेला. पुढं पाळकाची बदली झाली, ती एका अशा गावी जिथं मंदिरच नाही. निघायच्या दिवशी तो मास्तरांच्या पाया पडायला आला.

"त्या रविवारी किती होते रे?" मास्तरांनी विचारलं.

"सात."

"गुरुवारी मी एकटा होतो," मास्तर म्हणाले. "वाढ आहे."

शिष्य हसला नाही. पिशवीतून त्यानं राहीआजीचा पेला काढला. मास्तरांना द्यायला म्हणून आणला होता, तो त्यानं पुन्हा पिशवीत ठेवला. नव्या गावी पोचल्यावर आधी तिथं कोण आजारी आहे हे विचारायचं, आणि मग बाकीचं, एवढं त्याला समजलं होतं.

मंदिराचा दावा चालू आहे. त्यात आता तीन पक्ष आहेत, तिसरा मास्तरांचा. संगमरवरी पाटी तयार होऊन आली, ती शांतवनरावांच्या ओट्यावर भिंतीला टेकून उभी आहे. पायऱ्या कोणी झाडत नाही. कुत्रं मात्र दर रविवारी मधल्या जागी येऊन बसतं.

आणि कुलूप तिथंच आहे. हलकं आहे, दोन घावांत तुटेल.